पासष्टीनंतरचा आरोग्य विमा: मेडिकेअरची निवड स्थानिक ब्रोकरवर कितपत सोपवावी?

पानगळ

नमस्कार मंडळी. माझे यजमान येत्या ३१ ऑगस्टला निवृत्त होत आहेत. त्यांचे वय ६७, माझे ६४, आणि आमचे वास्तव्य अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. पासष्टी उलटल्यावरही ते नोकरीत होते आणि कंपनी मोठी होती, त्यामुळे कंपनीचाच विमा आजवर आम्हां दोघांना पुरला. मेडिकेअर या पासष्टीपुढच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा पार्ट ए, म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होणारा भाग, त्यांनी दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला आहे. डॉक्टरांच्या भेटी, तपासण्या आणि बाह्यरुग्ण उपचार ज्यात येतात तो पार्ट बी मात्र अजून घेतलेला नाही. तो १ सप्टेंबरपासून सुरू व्हायला हवा आणि त्याच्या जोडीला आणखी काय घ्यायचे, हे येत्या महिन्या-दीड महिन्यात ठरवायचे आहे.

टपालपेटीत रोज इतकी रंगीत पत्रके येऊन पडतात की त्यातले सरकारी कोणते आणि जाहिरातीचे कोणते, हे ओळखण्यातच संध्याकाळ जाते. म्हणून एका परिचितांच्या सांगण्यावरून आम्ही गावातल्याच एका स्वतंत्र ब्रोकरकडे गेलो. गृहस्थ साठीच्या अलीकडचे-पलीकडचे, बोलायला शांत. त्यांनी फोनवरच बजावले होते की औषधांची यादी नको, डब्याच घेऊन या. यजमानांनी टेबलावर पिशवी रिकामी केली आणि गृहस्थ एकेक नारिंगी डबी उचलून, चष्मा कपाळावर चढवून, लेबलावरची मात्रा वाचून संगणकात भरू लागले. एका डबीपाशी ते थांबले. माझ्या यादीत त्या गोळीची मात्रा १० मिलिग्रॅम होती आणि डबीवर ५. मधल्या काळात डॉक्टरांनी ती कमी केली होती आणि मी यादी बदललीच नव्हती. एवढ्या एका गोष्टीने माझा त्यांच्यावर विश्वास बसला, हे खरे सांगते. तो इतक्या लवकर बसायला हवा होता का, हाच या धाग्याचा प्रश्न आहे.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, सरकारी मूळ मेडिकेअर ठेवून त्यावर खासगी कंपनीचा पूरक विमा, म्हणजे मेडिगॅप, आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी. दुसरी, हे सगळे एकाच खासगी कंपनीच्या हाती देणारी अ‍ॅडव्हांटेज योजना, जिचा वेगळा हप्ता बहुधा शून्य असतो आणि जिच्यात दात व चष्म्याचीही काही सोय असते. आम्ही त्यांना एक पैसाही द्यायचा नाही, कारण त्यांचे कमिशन विमा कंपनी देते. मग ते नक्की कोणाचे? शिवाय माझी स्वतःची नोकरीची वर्षे थोडी भरतात, कारण पहिली कित्येक वर्षे मला व्हिसामुळे काम करता आले नाही. विनाहप्ता पार्ट एसाठी लागणाऱ्या कामाच्या चाळीस तिमाह्या भरत नसतील तर मला तो विकत घ्यावा लागेल का?

उंबरठा

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जाणकार देतील. मी माझी गोष्ट सांगतो, कारण तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे मी चार वर्षांपूर्वी उभा होतो.

पासष्टाव्या वर्षी एका एजंटने मला अ‍ॅडव्हांटेज योजना दिली. हप्ता शून्य, वर आणखी चार सोयी. मी खूश होतो. पहिले वर्ष सुरळीत गेले. दुसऱ्या वर्षी, बरोबर चौदाव्या महिन्यात, माझे हृदयरोगतज्ज्ञ ज्या रुग्णालयात बसतात ते रुग्णालय त्या योजनेच्या नेटवर्कमधून, म्हणजे करारातल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या यादीतून, बाहेर पडले. मी ठरवले की मूळ मेडिकेअरकडे परत जावे आणि मेडिगॅप घ्यावे. मूळ मेडिकेअरने लगेच घेतले, तिथे काही अडचण नव्हती. मेडिगॅपच्या कंपन्यांनी मात्र तब्येतीची प्रश्नावली पुढे केली. स्टेंट बसवला आहे का? होय. मधुमेहासाठी इन्शुलिन? होय. तीन कंपन्यांनी नकार कळवला.

नंतर जे कळले ते आधी कोणी सांगितले असते तर! पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिले सहा महिने कोणतीही मेडिगॅप कंपनी प्रकृतीच्या कारणाने तुम्हांला नाकारू शकत नाही किंवा जास्त हप्ता लावू शकत नाही. हे सहा महिने आयुष्यात एकदाच मिळतात. त्यानंतर न्यूयॉर्क, कनेक्टिकट अशी मोजकी राज्ये सोडली तर बहुतेक ठिकाणी कंपनीची मर्जी. पासष्टी होताच प्रथमच अ‍ॅडव्हांटेज घेणाऱ्याला पहिल्या बारा महिन्यांत परत फिरण्याची खास मुभा असते. माझी ती दोन महिन्यांनी हुकली होती.

माझ्या एजंटने खोटे काहीच सांगितले नाही. त्याने फक्त हे सांगितले नाही. म्हणून तुमच्या ब्रोकरना पहिला प्रश्न हाच विचारा की आज घेतलेला निर्णय दोन वर्षांनी फिरवता येईल का, आणि उत्तर देताना ते सहा महिन्यांचा विषय आपणहून काढतात का, तेवढे बघा.

पानगळ

उंबरठा, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले. पण यजमानांनी पासष्टाव्या वर्षी पार्ट बी घेतलाच नव्हता. मग त्यांचे हे सहा महिने संपून गेले असे समजायचे का?

उंबरठा

नाही. वयाची पासष्ट वर्षे पूर्ण झालेली असणे आणि पार्ट बी सुरू होणे, या दोन्ही गोष्टी जुळल्या की मोजणी सुरू होते. तुमच्या बाबतीत १ सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत.

जुनीवही

मी निवृत्तीनंतर काही वर्षे शिप या सरकारी मदतीने चालणाऱ्या विनामूल्य सल्ला-सेवेत स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. प्रत्येक राज्यात ती आहे; तुमच्या ओहायोत ती राज्याच्या विमा खात्यामार्फत चालते आणि तिला ओशिप म्हणतात. तिथली माणसे काहीही विकत नाहीत. ब्रोकरकडे जाण्याआधी किंवा नंतर एकदा त्यांच्याशी अवश्य बोला.

आधी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. यजमानांच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम, भरलेले असेल आणि त्यांचे वय किमान ६२ असेल, तर तुम्हांला पासष्टाव्या वर्षी त्यांच्या खात्यावरून पार्ट ए विनाहप्ता मिळतो. काळजी नको. पार्ट बीचा हप्ता मात्र दोघांनाही वेगवेगळा भरावा लागतो. २०२६ साठी तो दरमहा २०२ डॉलर ९० सेंट आहे. अ‍ॅडव्हांटेज घेतले तरी हा सुटत नाही, हे "शून्य हप्ता" वाचणाऱ्या अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता कमिशन. विमा ब्रोकरमार्फत घेतला काय किंवा थेट कंपनीकडून घेतला काय, हप्ता तोच पडतो. त्यामुळे ब्रोकर टाळून पैसे वाचत नाहीत. अ‍ॅडव्हांटेज आणि पार्ट डी यांच्या कमिशनची कमाल मर्यादा मेडिकेअर चालवणारे केंद्रीय खाते दरवर्षी ठरवते आणि नूतनीकरणाची रक्कम पहिल्या वर्षाच्या कमाल रकमेच्या जास्तीत जास्त निम्मी असते. मेडिगॅपच्या कमिशनवर केंद्राची अशी मर्यादा नाही. ते बहुधा हप्त्याच्या टक्केवारीत असते. पुष्कळदा पहिल्या वर्षी अ‍ॅडव्हांटेज विकणे अधिक फायद्याचे ठरते. याचा अर्थ अ‍ॅडव्हांटेज सुचवणारा प्रत्येक ब्रोकर लबाड असतो असा मुळीच नाही, पण तराजूचे कोणते पारडे कशाने जड होते हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावे. त्यांनी सही घेतलेला एक कागद आठवतो का, कोणत्या प्रकारच्या योजनांबद्दल बोलायचे ते नमूद करणारा? तो नियमानेच लागतो. त्यावर केवळ अ‍ॅडव्हांटेजवर खूण असेल तर बोलणे तेवढ्यापुरतेच राहते.

मेडिगॅपबद्दल एक गोष्ट मी दर वेळी सांगत असे. इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या योजना मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन वगळता सर्वत्र साचेबंद आहेत. एका कंपनीची प्लॅन जी आणि दुसऱ्या कंपनीची प्लॅन जी यांत उपचारांच्या संरक्षणाचा तिळमात्र फरक नसतो. फरक असतो तो हप्त्याचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हप्ता किती वेगाने वाढत जाईल याचा. तेव्हा ब्रोकरना विचारा की तुम्ही किती कंपन्यांच्या योजना देता, आणि या कंपनीने गेल्या पाच वर्षांत दर वर्षी किती वाढ केली. चांगला स्थानिक ब्रोकर हे आकडे जवळ ठेवून असतो. पहिल्या वर्षी सर्वांत स्वस्त असलेली योजना पाचव्या वर्षी सर्वांत महाग झाल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

दोनबॅगा

भारतात जाणे-येणे असेल तर तेवढा एक मुद्दा निर्णयात धरा. मूळ मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या योजनांत परदेशातील तातडीच्या उपचारांची सोय असते: २५० डॉलर आपण सोसायचे, त्यापुढील खर्चाच्या ८० टक्के कंपनी देते, आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलरची. पण ही सोय प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत उद्भवलेल्या दुखण्यापुरती असते. आम्ही दर हिवाळ्यात तीन-साडेतीन महिने जातो, म्हणजे उरलेल्या काळासाठी वेगळा प्रवास विमा घ्यावाच लागतो.

अ‍ॅडव्हांटेज योजनांपैकी काहींमध्ये परदेशातल्या तातडीची तरतूद असते, काहींमध्ये नसते. तिथे योजनेचा कागद वाचण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र योजनेच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिलात तर बहुतेक योजनांमधून नाव कमी होते, हे अर्धे वर्ष तिकडे राहण्याचा बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आणखी एक. तिकडे कायमचे राहायला गेलेल्या एका स्नेह्यांनी वापर नाही म्हणून पार्ट बी बंद केला आणि तीन वर्षांनी नातवंडांसाठी परत आल्यावर वाढीव हप्ता कपाळी आला. पार्ट बी नसलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे दहा टक्के, आणि तेही पार्ट बी असेपर्यंत.

मोकळेअंगण

या धाग्यावर अ‍ॅडव्हांटेजची बाजू कोणीच घेत नाही, म्हणून लिहिते. मी एकटी राहते, उत्पन्न बेताचे आहे. मेडिगॅपचा हप्ता आणि पार्ट डीचा हप्ता मिळून जी रक्कम होते ती दर महिन्याला बाजूला काढणे मला जमले नसते. सात वर्षे मी एकाच अ‍ॅडव्हांटेज योजनेत आहे. माझे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला पूर्वपरवानगी लागली आणि ती यायला नऊ दिवस लागले, पण आली. वर्षभरात स्वतःच्या खिशातून किती जाऊ शकते यावर कमाल मर्यादा असते. २०२६ साठी नेटवर्कमधील उपचारांकरिता ती ९,२५० डॉलरहून अधिक असू शकत नाही आणि माझ्या योजनेची तर बरीच खाली आहे. नुसत्या मूळ मेडिकेअरला अशी मर्यादाच नाही, तिथले आपल्या वाट्याचे वीस टक्के कुठपर्यंत जातील ते कोण सांगणार?

उंबरठा यांची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण ज्यांना मेडिगॅप परवडत नाही त्यांनी "चूक केली" असा सूर नको. माझी ब्रोकर दर ऑक्टोबरमध्ये फोन करते, पुढच्या वर्षी काय बदलते आहे ते वाचून दाखवते, आणि १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या बदलाच्या काळात योजना बदलायची की नाही ते आम्ही ठरवतो. सात वर्षांत तिने फक्त एकदाच बदल सुचवला, आणि तोही माझ्या औषधांच्या दुकानामुळे.

उंबरठा

मान्य. माझी तक्रार योजनेबद्दल नाही, न सांगितलेल्या गोष्टीबद्दल आहे.

तिसरापाळी

सवडीने सगळे वाचले. कोब्राचा, म्हणजे नोकरी सुटल्यावरही हप्ता स्वतः भरून कंपनीचाच विमा काही काळ चालू ठेवण्याच्या सोयीचा, उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो. माझ्या मोठ्या बंधूंना निवृत्तीच्या वेळी कार्यालयाने सांगितले की अठरा महिने कोब्रावर हाच विमा चालू ठेवता येईल. वय ६६. त्यांना वाटले, विमा आहे, मग पार्ट बीची घाई कशाला? पण पार्ट बीच्या दृष्टीने कोब्रा हा नोकरीचा विमा धरलाच जात नाही. नोकरी सुटल्यापासून आठ महिने विनादंड नोंदणीला मिळतात आणि ती मुदत कोब्रा चालू असतानाच निघून गेली. पुढे जानेवारी ते मार्चच्या सर्वसाधारण नोंदणीपर्यंत थांबावे लागले आणि दहा टक्के वाढ कायमची लागली.

पानगळ, तुमच्यासाठी मात्र गोष्ट उलटी आहे. तुमची पासष्टी व्हायची असल्याने मधल्या काळात कोब्रा किंवा मार्केटप्लेस या सरकारी विमा-बाजारातली योजना, दोन्हीपैकी काहीही चालेल. फक्त पासष्टीच्या महिन्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन धरून जे सात महिने मिळतात त्यांत नोंदणी करा, आणि शक्यतो आधीच्या तिनात.

आणखी एक, जे ब्रोकर बहुधा सांगत नाहीत कारण त्यांचा त्याच्याशी संबंध नसतो. पार्ट बीचा हप्ता उत्पन्न जास्त असेल तर वाढतो आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे करविवरण पाहिले जाते. २०२६ साठी २०२४ चे. जोडप्याचे उत्पन्न २,१८,००० डॉलरपेक्षा अधिक असेल तर ही वाढ लागते. पण निवृत्तीमुळे उत्पन्न घटले असेल तर एसएसए-४४ हा अर्ज भरून आताच्या उत्पन्नावर हप्ता ठरवण्याची विनंती करता येते. आम्ही केली, मान्य झाली.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. धागा अर्धवट सोडू नये म्हणून पुढची हकिगत लिहिते.

तुमचे प्रश्न कागदावर उतरवून आम्ही पुन्हा त्या ब्रोकरकडे गेलो. त्याआधी ओशिपमधल्या एका बाईंशी फोनवर पाऊण तास बोलणे झाले होते, त्यामुळे या वेळी मी केवळ ऐकणारी नव्हते. "हा निर्णय दोन वर्षांनी फिरवता येईल का?" असे विचारताच गृहस्थांनी पेन खाली ठेवले आणि सांगितले की अ‍ॅडव्हांटेजमधून अ‍ॅडव्हांटेजमध्ये दरवर्षी जाता येईल, पण मेडिगॅपचे दार फेब्रुवारीनंतर यजमानांच्या हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारीमुळे बहुधा उघडणार नाही. पहिल्या भेटीत हे का सांगितले नाही, असेही मी विचारले. ते म्हणाले की पहिल्या भेटीत माणसे घाबरून जातात. मला हे उत्तर पटले नाही आणि मी तसे त्यांना सांगितलेही.

कंपन्या किती, याचे उत्तर मेडिगॅपसाठी नऊ असे आले. हप्तावाढीचा तक्ता त्यांच्याकडे खरोखरच होता आणि त्यात सर्वांत स्वस्त कंपनी तिसऱ्या वर्षी उडी मारताना दिसत होती. ती आम्ही तिथेच बाजूला काढली. स्थानिक असण्याचा उपयोग काय, हे मला त्यानंतर कळले. प्लॅन एन ही प्लॅन जीपेक्षा स्वस्त असते, पण तीत डॉक्टरांच्या भेटीला २० डॉलरपर्यंत आणि तातडीच्या विभागात गेल्यास ५० डॉलरपर्यंत द्यावे लागतात. शिवाय मेडिकेअरच्या दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत अधिक आकारणाऱ्या डॉक्टरांचा तो जादा आकार एनमध्ये मिळत नाही. ब्रोकरनी सांगितले की ओहायोत असा जादा आकार घेण्यास राज्याच्या कायद्यानेच मनाई आहे, म्हणून इथे एनची ही उणीव बोचत नाही. ही माहिती मला एकाही राष्ट्रीय पत्रकात सापडली नव्हती. तरीही आम्ही जी घेतली, कारण लेक दुसऱ्या राज्यात आहे आणि पुढे-मागे तिच्याजवळ राहायला जाण्याचा विचार आहे. मेडिगॅप बरोबर येते. ओहायोचा कायदा येणार नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे पहिल्या भेटीत घाईने बसलेला विश्वास दुसऱ्या भेटीत विचारपूर्वक कायम झाला. पार्ट डीसाठी त्यांनी सर्व औषधे घालून योजनांची क्रमवारी काढली, तीही आमच्या नेहमीच्या दुकानाच्या दराने आणि शेजारच्या दुकानाच्या दराने अशी दोनदा, आणि दोन्ही वेळा वर्षाचा एकूण खर्च वेगळा आला. रक्त पातळ ठेवणारी गोळी यजमानांना कायमची आहे, त्यामुळे औषधांवर स्वतःच्या खिशातून जाणारी रक्कम २०२६ मध्ये २,१०० डॉलरवर थांबते हे कळल्यावर त्यांना बरे वाटले. क्रमवारीत जी योजना सर्वांत वर आली तिची कंपनी या वर्षी ब्रोकरना कमिशन देत नाही. गृहस्थांनी कोपऱ्यातल्या वहीचा एक कपटा फाडला, त्यावर योजनेचे नाव लिहिले आणि म्हणाले, "ही मी तुम्हांला विकू शकत नाही. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः भरा, आणि कंपनीचा विमा संपल्यापासून त्रेसष्ट दिवस जाऊ देऊ नका, नाहीतर तिथेही दंड लागतो." त्यांना मिळकत देणारी दुसऱ्या क्रमांकाची योजना वर्षाला फार तर साठ-सत्तर डॉलरने महाग होती. ती पुढे केली असती तर आम्हांला कळलेही नसते.

पार्ट बीचे दोन्ही अर्ज गेल्या मंगळवारी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे मेडिकेअरची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याच्या, कार्यालयात दिले. त्यातला एक यजमानांच्या कंपनीने भरून द्यायचा असतो, नोकरीत असताना विमा होता याचा दाखला म्हणून. तो पहिल्यांदा परत आला, कारण विमा सुरू झाल्याची तारीख कंपनीने कोरीच सोडली होती. ज्यांना हा अर्ज लागणार आहे त्यांनी शेवटचा दिवस यायच्या आत तो हातात घेऊन नीट तपासावा. निवृत्तीनंतर कंपनीच्या कार्यालयात फोन उचलणारे माणूसही ओळखीचे राहत नाही, असे यजमान म्हणतात.

माझ्या मधल्या अकरा महिन्यांसाठी कोब्रा की मार्केटप्लेस, याचे दोन्ही दर पुढच्या आठवड्यात हाती येतील. त्यासाठी वेगळा धागा काढीन.